आठ फूट सोडा

वाऱ्यापावसात कुठे झाड पडलं की माणसं आधी विचारतात, खाली कोणाची गाडी सापडली का. दादा विचारायचे, खोड किती लांब आहे. आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरला किक मारायचे. मी कितीदा त्यांच्या मागे बसून गेलेलो आहे, कधी मानपाडा रोडला, कधी कल्याणला खाडीच्या बाजूला, एकदा तर भर दुपारी थेट ठाण्याला. नात्यातल्या कोणाला अपघात झाल्यासारखे जायचे. आम्ही पोचेपर्यंत झाड तोडणाऱ्यांनी फांद्या उतरवलेल्या असायच्या आणि खोडाचे दोन-दोन फुटांचे गोल तुकडे पाडायला घेतलेले असायचे, टेम्पोत भरायला बरे म्हणून. दादा गर्दीतून पुढे घुसायचे आणि हात जोडून म्हणायचे, आठ फूट सोडा, बाकीचं काय करायचं ते करा, पण आठ फूट सोडा. एकदा एका हवालदाराला वाटलं, हे गृहस्थ रस्त्यात जाण्यापुरती वाट मागताहेत. त्याने बिचाऱ्याने लोकांना मागे सरकवून वाट करून दिली.

दादा माझे कोणी लागत नाहीत. डोंबिवलीला एमआयडीसीत ज्या केमिकल कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो, तिथे ते बॉयलरवर होते. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. सगळी कंपनी त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही. बॉयलरशेजारी तीस वर्षं काढून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोललं तरच कळायचं. मशीनला कान लावून मशीन ऐकणारे फिटर मी पुष्कळ बघितले. हे पंपावर नुसता तळहात ठेवायचे आणि सांगायचे, आतलं बेअरिंग जाणार, चार दिवस आहेत. चार दिवसांनी बेअरिंग जायचं.

कंपनी बंद झाली तेव्हा ते निवृत्तीला आलेले होते. मी मात्र मधेच लटकलो. पुढे मला भिवंडीत एका गोडाऊनमध्ये काम मिळालं, तेच मी अजून करतो. दादांनी काय केलं, तर चेन सॉ आणली. पेट्रोलवर चालणारी, झाडं तोडतात ती करवत, त्यातली मोठ्यातली मोठी. वहिनी सहा महिने बंद पडलेल्या फ्रिजमध्ये माठ ठेवून नव्या फ्रिजची वाट बघत होत्या. खोकं उघडल्यावर आत करवत निघाली. त्या काही बोलल्या नाहीत, असं दादा सांगायचे. वहिनी सांगायच्या, बोलून उपयोग काय, ऐकू कुठे येतं.

झाडं तोडण्यात त्यांना रस नव्हता. उभ्या झाडाला त्यांनी कधी करवत लावली नाही. पडलेलं, नाहीतर रीतसर परवानगीने तोडलेलं झाड मिळवायचं, ते खडवलीला न्यायचं आणि त्याचे लांबच लांब, जाडजूड पाट काढायचे, एवढंच त्यांना करायचं होतं. खडवलीला नदीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या जागेत त्यांनी पत्र्याची शेड घातली होती. त्यांचे वडील रत्नागिरीकडे गावोगाव फिरून लाकडं चिरायचे. ओंडका उंच लाकडी घोड्यावर चढवायचा, वडील ओंडक्यावर उभे, काका खाली, मधे माणसाएवढी करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, तू रविवारी काय करतोस.

मी रविवारी झोपायचो. आठवडाभर गोडाऊनमध्ये उभं राहून कंबर धरलेली असायची. तरी गेलो. एकदा गेलो म्हणून पुढच्या रविवारी गेलो, असं करत सहा वर्षं गेलो. घरी विचारायचे, यातून मिळतं काय. मिळत काही नव्हतं. संध्याकाळी परतताना अंगाला पेट्रोलचा आणि ओल्या लाकडाचा वास यायचा, दोन्ही हात मनगटापासून थरथरत असायचे आणि गाडीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. आणखी काय सांगणार.

काम सांगायला सोपं आहे. ओंडका जमिनीवर आडवा ठेवायचा. त्याच्या पाठीवर एक ॲल्युमिनियमची शिडी आडवी स्क्रूने पक्की करायची, म्हणजे पहिला काप सरळ येतो. ही शिडी वहिनींची, माळ्यावर चढायची. घरी ती परत गेलीच नाही. करवतीच्या पात्याला एक लोखंडी चौकट बसवलेली असते. ती शिडीवरून सरकते आणि पातं ओंडक्याच्या आत आडवं चालत जातं. पात्याच्या एका टोकाला इंजिन, तिथे दादा, बोटाने खटका दाबून; खटका सोडला की चेन थांबते. दुसऱ्या टोकाला एक मूठ, तिथे मी. मधे ओंडका. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून, एकाच वेगाने, आडवं आडवं सरकत जायचं. इंजिनापुढे बोलणं ऐकू येणं शक्य नाही. त्यांना तर नाहीच. मी मान हलवली की थांबायचं, ही एकच खूण होती. सहा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत काढली. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता, तो मी वाढताना बघितलेला आहे.

ते अंगात कंपनीचाच जुना बॉयलर सूट घालायचे. पाठीवरचं कंपनीचं नाव वहिनींनी उसवून काढलं होतं. पण अक्षरांखालचं कापड उन्हात विटलं नव्हतं, त्यामुळे नाव आणखी ठळक दिसायचं.

कापायच्या आधी ओंडक्यातले खिळे शोधायचे. रस्त्यावरच्या झाडांमध्ये पाट्यांचे, दिव्यांच्या माळांचे इतके खिळे असतात की एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात नसतील. दादांनी एका मेलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधलं होतं. ते खोडावरून फिरवत ते तासभर चालायचे. मग हातोडीने खोडावर ठोकायचे आणि दुसऱ्या बाजूला तळहात लावून उभे राहायचे. आत पोकळ आहे का, भेग आहे का, ते त्यांना तळहातात कळायचं. मीही हात लावून बघितला. मला ठोकलेलं तेवढं कळलं.

काप संपला, इंजिन बंद झालं की वरचा पाट आम्ही पाचरी घालून उचलायचो आणि बाजूला करायचो. आतलं लाकूड पहिल्यांदा उजेडात यायचं. दादा त्यावरचा ओला भुसा तळहाताने पुसायचे. मग खडूने पाटाच्या कडेला लिहायचे. लोक मापं लिहितात. हे झाड कुठे उभं होतं ते लिहायचे. जांभूळ, शाळेमागे. शिरीष, मानपाडा रोड, चहावाल्याजवळ. फणस, शेलारांच्या विहिरीवर. गिऱ्हाइकाने आधी हे वाचावं अशी त्यांची अपेक्षा. जो न वाचता भाव विचारेल त्याला ते म्हणायचे, हा विकायचा नाही. त्यामुळे विक्री फारशी व्हायची नाही.

घोडबंदरकडून एकदा एक जोडपं आलं होतं. तरुण, चांगलं बोलणारं, इंटिरियरचं काम करणारं. त्यांना जांभळाचा पाट हवा होता. आवडला. हात फिरवला, कडेचं वाचलंही. मी मनात म्हटलं, चला, जमलं. मग मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला. पाट मधोमध उभा चिरायचा, दोन्ही अर्धे थोडे दूर ठेवायचे आणि मधे काचेसारखं घट्ट होणारं निळं रेझिन ओतायचं, म्हणजे टेबलात नदी वाहते आहे असं दिसतं. दादांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला, लांब धरून बघितला. मग शेडच्या मागच्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, नदी तिकडे आहे, पायी पाच मिनिटं, जाऊन बसा. त्या दोघांना वाटलं थट्टा करताहेत. ती हसली, तोही हसला. दादांनी पाटावर पोतं घातलं आणि डबा उघडून जेवायला बसले. भाकरी, सुकट, कांदा. ती दोघं थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी खूप चिडलो होतो. पण त्यांच्याशी भांडायचं म्हणजे समोर जाऊन, तोंड दाखवून, मोठ्याने भांडायला लागायचं. तेवढं त्राण जेवणाच्या वेळेला माझ्यात नसायचं.

करवतीच्या चेनला धार लावणं हे सर्वांत कंटाळवाणं काम. प्रत्येक दातावर गोल कानशीने तीन हात, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. कठीण लाकूड असलं तर दोन-तीन फूट कापून झालं की पुन्हा. धार आली की नाही हे दादा अंगठ्याने बघायचे. दातावर अंगठ्याचं नख टेकवायचे. नखाची साल निघाली तर धार आहे. पहिली पाच वर्षं त्यांनी मला कानस चालवू दिली, पण धार बघू दिली नाही. मी लावलेली धार ते तपासायचे आणि निम्मे दात परत घासायचे. मग एका थंडीत, सकाळी, चेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू बघ."

मी बघितली. आहे म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि चेन चढवली. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते सांगायला आता लाज वाटते. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, आज त्यांनी धार मला बघायला लावली. तिला त्यात काय एवढं ते कळलं नाही. मला वाटलं, पाच वर्षांनी का होईना, माणसाने विश्वास टाकला. त्यानंतर प्रत्येक वेळी धार मीच बघितली. हातोडी ठोकताना दुसऱ्या बाजूला तळहातही मलाच लावायला सांगायला लागले. मी मोठ्या गंभीरपणे हात लावून सांगायचो, आत भरीव आहे. माझ्या सांगण्यावर ते कापायचे. काचेच्या ग्लासातला चहा सोडून स्टीलच्या मगातून प्यायला लागले तेही याच सुमारास. मी विचारलं नाही. माणसाच्या सवयी बदलतात.

मग चिंच आली.

ठाण्याला कोपरीत एका जुन्या स्थानिक कुटुंबाचं घर होतं, पुढे अंगण, अंगणात चिंच. पूर्वी त्यांची शेती होती, मिठागरात कामं होती. आता त्या जागेवर मोठी बिल्डिंग उठत होती आणि चिंच मधे येत होती. परवानग्या वगैरे सगळं झालं. त्या घरातला थोरला भाऊ, पासष्टीचा असेल, कोणाकडून तरी ऐकून दादांकडे आला. गळ्यात जाड चेन, पायात साधी चप्पल. त्याची मागणी एकच होती. घरातल्या बायका मिठागरातून यायच्या तेव्हा त्या चिंचेखाली बसून पायांचं मीठ धुवायच्या, मग घरात शिरायच्या. त्याची आई, आजी, चुलत्या, सगळ्या. त्याला त्या चिंचेचा एक अख्खा पाट हवा होता, दहा फुटी, मधे जोड नसलेला, बिल्डिंगच्या गेटशी बाक करायला. भावांना हे खूळ वाटत होतं. "माना एकच पायजे," तो म्हणाला. "बाकीचा तुमचा."

दादांनी भाव सांगितला नाही. त्यांनी विचारलं, चिंच अंगणात कुठल्या बाजूला होती. त्या माणसाने हाताने दाखवलं, जणू अंगण खडवलीतच आहे. तिथेच दोघांचं जमलं.

चिंचेसारखं लाकूड नाही. दगड कापल्यासारखं वाटतं. पहिले तीन पाट काढायला आम्हाला चार रविवार लागले. हे वरचे पाट, त्यांना साल आणि बाहेरचं पिवळं लाकूड जास्त. चौथा काप गाभ्याच्या मधोमध जाणार होता आणि तोच पाट कोपरीवाल्याचा. त्या सकाळी हवा गार होती. दादांनी लोकरीचे हातमोजे घातले, त्यावर चामड्याचे. मी म्हटलं, इतकी थंडी कुठे आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, म्हणजे ऐकलं नाही.

सहा फूट गेलो असू. पातं एकदम किंचाळलं आणि ठिणग्या उडाल्या. आत लोखंड होतं, इतकं खोल की चुंबकाला कळलं नाही. मी मान हलवली. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल पडला, काम थांबवताना पडायचा तसा. पण इंजिन थांबलं नाही. उलट पूर्ण जोरात चालू राहिलं. मी पुन्हा मान हलवली. ते माझ्याकडे बघत उभे, आपण थांबलो आहोत अशा समजुतीत. तेवढ्यात चेन तुटली, चौकट उसळली आणि चेनचं टोक माझ्या गुडघ्याच्या वर लागलं. पँट फाटली, आतलंही फाटलं. मूठ सोडून मी मागे झालो, ओंडक्याला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेलो आणि स्वतःच्या हाताने इंजिनाचं बटण बंद केलं.

एकदम शांत झालं. दादा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. बोट अजून खटक्यावर दाबलेलंच होतं. दुसऱ्या कोणाचं बोट आपल्या हातात आलंय असे बघत होते. मग डाव्या हाताने त्यांनी ते बोट धरून बाजूला केलं.

मी खाली बसलो, रुमाल बांधला. ते माझ्यासमोर येऊन बसले, तोंड दिसेल असे.

"मला वाटलं सोडलं," ते म्हणाले.

मी विचारलं, हे कधीपासून आहे. गेल्या थंडीपासून, म्हणाले. बोटं आधी पांढरी पडायची, मग मुंग्या यायच्या, आता काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, टोचलं तरी नाही. डॉक्टरने सांगितलंय की हादरे देणारं काहीही हातात धरायचं नाही, स्कूटरसुद्धा नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आला नसतास."

पायातून रक्त येत होतं आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तू बघ. तळहात लाव. वर्षभर मी छाती फुगवून जी धार बघत होतो ती त्यांना बघताच येत नव्हती. मला राग पायाचा आलाच नाही. त्याचा आला.

पाच टाके पडले. घरी सांगितलं, पत्रा लागला. पुढचे सहा रविवार मी झोपलो. मनासारखा झोपलो म्हणायला हवं, पण सकाळी सहाला जाग यायची आणि मग छताकडे बघत पडायचो. दादांचा फोन आला नाही. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते करतही नसत.

फोन आला तो कोपरीवाल्याचा. दादा फोन उचलत नाय, खडवलीला जाऊन आलो, शेडला कुलूप हाय, म्हणाला. ओंडका झाकलेला नव्हता, त्याने स्वतःच वर ताडपत्री घातली. पाट अर्धा कापलेला बघून त्याला काय झालं असेल त्याची कल्पना आली. पण त्याने ते विचारलं नाही. दादा बरे आहेत ना, एवढंच विचारलं.

मी दादांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. आत दादा खुर्चीवर बसले होते, पुढे बादली, बादलीत कोमट पाणी, पाण्यात दोन्ही हात. पाणी कितपत गरम आहे ते वहिनी आधी स्वतः हात घालून बघतात, कारण त्यांना कळत नाही. एकदा भाजून घेतलं होतं. दादांनी वहिनींना माझ्या पायाचं सगळं सांगितलेलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, मला वाटलं तू आता यायचा नाहीस, आणि आला नसतास तरी मी तुला नाव ठेवलं नसतं. मग चहा टाकायला आत गेल्या.

दादांनी पायाकडे बोट केलं. मी पँट वर करून खूण दाखवली. त्यांनी नीट बघितली. मग म्हणाले, चिंच अर्धी आहे.

मी म्हटलं, इंजिन मी चालवतो.

"तुला येत नाही."

"मग शिकवा."

"ते हाताने शिकवतात," ते म्हणाले. "तोंडाने कसं शिकवू मी?"

हात त्यांनी पाण्यातच ठेवले होते. सुरकुतलेले, पांढरे, एखाद्या म्हाताऱ्या बाईने दिवसभर भांडी घासली असावीत असे. मी त्यांना एवढंच म्हटलं की रविवारी आपण दोघं जाऊ आणि तुम्ही खुर्चीवर बसा. त्यांनी हो म्हटलं नाही. वहिनींनी मागून हो म्हटलं.

रविवारी खडवलीला कोपरीवाला आधीच येऊन बसला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, कधी जाणार एवढंच कळवलं होतं. आधी आम्ही आतलं लोखंड काढलं. छिन्नीने पोखरून तास गेला. बोटाएवढ्या जाडीची कडी होती, तिच्याभोवती लाकूड वाढून काळं पडलेलं. कोपरीवाल्याने ती हातात घेतली आणि सांगितलं की आजोबांचा बैल हिला बांधायचे. मिठाची गाडी ओढणारा बैल. कडी त्याने खिशात घातली आणि विचारलं, दुसऱ्या बाजूची मूठ कोण धरणार. धरायला कोणीच नव्हतं. माझ्या मनात शेजारच्या शेतकऱ्याला विचारायचं होतं. कोपरीवाल्याने गळ्यातली चेन काढून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि माझ्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मी पहिल्यांदा दादांच्या जागेवर उभा राहिलो. सहा वर्षं जे समोरून बघितलं ते हातात घेतल्यावर वेगळंच निघालं. इंजिन ढकलायचं नसतं. ते ओढून धरायचं असतं, आणि तेही जोराने नाही. दादा खुर्ची उचलून दोनदा जवळ आणून बसले. हाताने दाखवायचे, हळू. पुन्हा, हळू. एकदा उठून माझ्या मागे आले आणि त्यांनी माझ्या दोन्ही कोपरांखाली आपले हात धरले. पकड नव्हती त्यांना, पण वजन होतं. तेवढ्या फूटभर लाकडात करवत सरळ गेली.

राहिलेले चार फूट कापायला पावणेदोन तास लागले. नव्या चेनला तीनदा धार लावली. शेवटी पातं पलीकडून बाहेर आलं तेव्हा कोपरीवाला मूठ सोडून सरळ खाली बसला आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून त्यांच्याकडे बघत राहिला. मीही उभा होतो म्हणजे कशाला तरी टेकून उभा होतो.

पाट उलटा करायला शेजारून तीन माणसं बोलावली. चिंचेचा गाभा ताजा कापला की जांभळट काळा दिसतो, कडेला पिवळं लाकूड. सुंदर होता, यात शंका नाही. पण सहा फुटांवर, जिथे जुना काप थांबला होता आणि माझा सुरू झाला होता, तिथे पायरी पडली होती. फार नाही, जाड नाण्याएवढी. त्यापुढे पृष्ठभागावर लाटा. दादांच्या सहा फुटांत एकही लाट नव्हती.

दादा खुर्चीवरून उठले. शेडमध्ये उजेड बेताचाच होता आणि त्यांची नजरही आता तशीच. त्यांनी पाटाच्या टोकाला तळहात ठेवला आणि सरकवत निघाले. सहा फूट झाले, हात पायरीवरून गेला आणि थांबला नाही. लाटांवरून गेला. टोकाला पोचले. मी आणि कोपरीवाला एकमेकांकडे बघत होतो. मला वाटलं, राहू दे, कळलं नाही तर बरंच झालं. मी तोंड दुसरीकडे केलं, म्हणजे काही बोललो तरी त्यांना दिसू नये.

दादा पुन्हा पहिल्या टोकाला गेले. त्यांनी बाही कोपराच्या वर सरकवली, वाकले आणि हाताची आतली बाजू, मनगट ते कोपर, लाकडावर टेकवली. तिथल्या कातडीला अजून कळत असावं. तशा वाकलेल्या अवस्थेत एक एक पाऊल सरकत आले. पायरीशी थांबले. मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग मला बोलावलं, लाकडावर बोट टेकवलं आणि म्हणाले,

"इथपर्यंत माझं. पुढचं तुझं."

कोपरीवाल्याने विचारलं, पायरी अशीच राहणार का. दादा म्हणाले, नाही, पाट वाळला की रंधा मारायचा, बाकावर बसणाऱ्याला टोचता कामा नये. वाळायला अडीच-तीन वर्षं जातील. कोपरीवाला म्हणाला, मी हाय की. मग दादांनी खडू मागितला. बोटांत धरता येईना, म्हणून सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. चिंच, कोपरी, अंगणात दाराच्या डाव्या हाताला.

त्यानंतर ते खडवलीला आलेले नाहीत. मी जातो, दर रविवारी नाही, जमेल तसा. कोपरीवाला कधी येतो, कधी नाही. झाड पडल्याचे फोन अजून माझ्याकडे येतात. कधी मी जातो, पुष्कळदा जात नाही. दिवसभर उभं राहिल्यावर पुन्हा कपडे घालून बाहेर पडायला आता अंग नको म्हणतं. दादा घरी असतात. वहिनींना भाजी निवडून देतात, त्यातली अर्धी खाली सांडते. नवा फ्रिज आला आहे.

चिंचेचा पाट काढला त्या दिवशी निघताना दादा शेडच्या मागे कपडे बदलायला गेले. काम केलं नव्हतं तरी कामाचे कपडे घातले होते. बराच वेळ झाला म्हणून मी बघायला गेलो. इस्त्रीचा शर्ट अंगात घालून ते उभे होते, सगळी बटणं उघडी. सकाळी वहिनींनी लावून दिली असणार. मला बघून ते नुसते माझ्याकडे वळून उभे राहिले. माझे हात अजून करवतीने थरथरत होते, त्यामुळे मलाही पटकन जमेना. खालून सुरुवात केली. एक लागलं, दुसरं लागलं. पोटावरचं एक दोनदा निसटलं. ते वर पत्र्याकडे बघत उभे होते. मी गळ्यापाशी आलो तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"वरचं राहू दे," म्हणाले. "आवळतं."